मीटर रूममधली चार पिल्लं

२ जुलै २०२४, मंगळवार. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर दूधवाले काका पिशवी हातात धरून तसेच उभे. "ताई, तुमची मनी गल्लीच्या तोंडाला पडलीय. रात्री कुठल्यातरी गाडीखाली आली असणार." मनी मांजर तशी एकट्या माझी नव्हती. साताऱ्याच्या शाहूपुरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ती चार घरी जेवायची. पण तीन दिवसांपूर्वी तिचं पोट उतरलेलं मी पाहिलं होतं, म्हणजे ती कुठेतरी व्याली होती.

पाऊस धो धो चालू होता. मी आणि वरच्या मजल्यावरची शाळकरी मुलगी जिन्याखाली, पार्किंगमध्ये, टाकीमागे शोधत फिरलो. शेवटी मीटर रूममधून चिवचिव ऐकू आली. म्याव नव्हे, पाखराच्या पिल्लासारखी बारीक चिवचिव. रंगाच्या रिकाम्या डब्यांमागे, जुन्या पोत्यावर चार पिल्लं. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, बेंबीला वाळलेली नाळ. ही नाळ साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी गळते, त्यावरून डॉक्टरांनी नंतर वय तीन दिवस धरलं.

एक भुरं, एक काळं, एक तिरंगी आणि एक इतकं लहान की आधी ते मला दिसलंच नाही.

मी घरी शिवणकाम करते, दिवसभर घरातच असते. त्यामुळे "मी बघते" असं म्हणून टाकलं. पुढे काय करायचं याची काही कल्पना नव्हती. त्या दिवशी कुणीतरी सगळं क्रमाने सांगायला हवं होतं असं पुढे कितीदा वाटलं, म्हणून हे लिहितेय. एक आधीच सांगते: आई मेल्याची खात्री नसेल तर सापडलेली पिल्लं लगेच उचलू नका. भाटी, म्हणजे मांजरी, दोन-तीन तास बाहेर जाते आणि परत येते. लांबून लक्ष ठेवा. आमच्याकडे थांबण्यात अर्थ नव्हता.

पहिली चूक माझ्या हातून होता होता वाचली. पिल्लं गार पडली होती आणि मी घाईघाईने गाईचं दूध कोमट करायला ठेवलं. गोडोलीतल्या डॉक्टरांना फोन लागला म्हणून बरं. ते म्हणाले, "आधी ऊब द्या. गार पिल्लाला दूध पाजलंत तर पचणार नाही, जीव जाईल. आणि गाईचं दूध नकोच." पहिल्या आठवड्यात पिल्लांना अंगाची ऊब टिकवता येत नाही, आपल्यासारखं कुडकुडताही येत नाही. ती आईच्या आणि एकमेकांच्या अंगावर जगतात. मी बुटांच्या खोक्यात सासूबाईंचं जुनं सुती लुगडं घातलं आणि स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, टॉवेलमध्ये गुंडाळून, खोक्याच्या फक्त एका बाजूला ठेवली. दुसरी बाजू मोकळी ठेवायची, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लू सरपटत बाजूला जाऊ शकतं. अर्ध्या तासात तिघं हातपाय हलवायला लागली.

मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते. पोवई नाक्यावर दोन दुकानांत विचारलं, नव्हती. पुण्याहून मागवली, यायला तीन दिवस लागले, डबा ११५० रुपयांना. तोवर डॉक्टरांनी शेळीच्या दुधावर निभावायला सांगितलं. ते जवळच्या करंजे भागातून एका ओळखीच्या बाईंकडून आणलं. शक्य असेल तर पावडर पहिल्याच तासात मागवा.

दूध पाजायची पद्धत मी फार उशिरा नाही, पण दोन वेळा चुकल्यावर शिकले. बाळासारखं उताणं धरून पाजायचं नाही, दूध फुप्फुसात जातं. पिल्लू पोटावर, मान किंचित वर, जसं ते आईखाली पडलेलं असतं तसं. दर अडीच-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. १०० ग्रॅम वजनामागे एका वेळी ४ मिली, त्याहून जास्त नाही. आणि पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पोटाखाली हलकेच पुसत राहायचं. एवढ्या लहान पिल्लांना स्वतःहून लघवी किंवा शी करता येत नाही, आई चाटते तेव्हाच होते. मला हे माहीत नव्हतं. पहिल्यांदा कापूस फिरवला आणि भुऱ्याने इतकी लघवी केली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बिचारं सकाळपासून तसंच होतं.

४२० रुपयांचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेतला. ती सगळ्यात उपयोगी खरेदी ठरली. रोज सकाळी पहिल्या दुधाआधी वजन करून वहीत लिहायचं. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढलं पाहिजे. पहिल्या दिवशीचे आकडे: भुरं १२८, तिरंगी १२१, काळी ११५, लहानगं ८४. पिल्लू वरून छान दिसत असतं आणि वजन थांबलेलं असतं. काटा आधी सांगतो, डोळ्यांना मागून कळतं.

लहानग्याचं ८४ चं ८५ झालं, मग ८३. ते दूध ओढायचंच नाही, तोंडाच्या कडेने गळायचं. मी दोनदा दवाखान्यात नेलं. ६ जुलैला पहाटे चार वाजता उठले तर ते बाकीच्या तिघांपासून बाजूला पडलं होतं. ब्लाउजच्या आत घालून बसले. पावणेसहापर्यंत गेलं. त्याचं नावही ठेवलं नव्हतं. खालच्या जास्वंदीजवळ पुरलं. डॉक्टर म्हणाले, आई असूनही कधीकधी एखादं असं जातं, तुमचं काही चुकलं नाही. ते खरं असेल. मला मात्र ती वही पुढचे दोन दिवस उघडवली नाही. सासूबाईंनीच वजनं करून आकडे लिहिले, त्यांच्या मोडी वळणाच्या अक्षरात.

सासूबाईंचं एक म्हणणं होतं, मांजरीची पिल्लं सात घरं फिरल्याशिवाय डोळे उघडत नाहीत. लहानपणी मीही ऐकलं होतं. भाटी पिल्लांना मानेला धरून जागा बदलत राहते हे खरंच आहे. व्यालेल्या जागेला वास लागतो, बोक्याची किंवा कुत्र्याची चाहूल लागते, म्हणून ती हलवते. डोळे आपल्या वेळेला उघडतात, सातव्या ते चौदाव्या दिवसांत. आमच्याकडे ९ जुलैला तिरंगीचा डावा डोळा नाकाकडच्या कोपऱ्यातून किलकिला झाला. आत निळसर धुकट मणी. पूर्ण उघडायला दोन दिवस लागले. घाई करून पुसून उघडायचे नाहीत आणि त्या दिवसांत खोकं झगझगीत उजेडात ठेवायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, "एकाच घरात उघडले की गं!" आणि स्वतःच गॅलरीतून आतल्या खोलीत खोकं हलवलं.

डोळे उघडायच्या दोन दिवस आधीची गोष्ट. मी गुडघ्याला बाम चोळला होता आणि हात न धुताच खोक्यात घातला. काळीने मान वर केली, डोळे मिटलेलेच, आणि तोंड उघडून "फिस्स" केलं. मुठीएवढा जीव, धड उभं राहता येत नाही, दिसत नाही, ऐकू जेमतेम येतं, आणि तरी अनोळखी वासाला फिस्कारायचं कुठून तरी येत होतं. मी कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिले. तिचं नाव काजळ ठेवलं.

याच दिवसांत सोसायटीचं प्रकरण सुरू झालं. पिल्लं मीटर रूममध्ये होती हे कळल्यावर एकाने सुचवलं, पोत्यात घालून संगम माहुलीला सोडून या. मला राग आला, पण भांडण्यापेक्षा कागद केलेला बरा असं यजमान म्हणाले. साध्या कागदावर अर्ज केला: पिल्लं माझ्या सदनिकेत आहेत, सामाईक जागेत नाहीत, लसीकरण व नसबंदी मी स्वखर्चाने करेन, आणि प्राण्याला असं उपाशी मरायला सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे. दोन प्रती काढल्या, एक दिली, दुसरीवर सही-शिक्का घेतला. पोहोच घ्यायला विसरू नका, पुढे तीच कामाला येते. अर्ज ९ जुलैचा, बैठक २१ जुलैच्या रविवारी, गुरुपौर्णिमेला. बारा दिवस रात्री दीडला पिल्लं रडली की मी दार-खिडक्या लावत फिरायचे. बैठकीत ठरलं की घरात ठेवायला हरकत नाही, लसीच्या नोंदीची झेरॉक्स द्यायची. मी अजूनही प्रत्येक वेळी देते.

एक नाजूक अडचण आली ती कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. आई नसली तरी चोखायची ओढ जात नाही. दूध पिऊन झाल्यावरही ही तिघं एकमेकांचे कान चोखायची, आणि भुऱ्याच्या लघवीच्या जागी तर चोखून चोखून लाल झालं होतं. तसं राहिलं तर सूज येऊन लघवीच बंद होऊ शकते. डॉक्टरांनी सांगितलं, पाजल्यावर अर्धा तास तिघांना वेगळं ठेवा. मग तीन टोपल्या आल्या. प्रत्येकीत लुगड्याचा एकेक तुकडा, त्यावर ती पुढच्या पायांनी आलटून पालटून कणीक मळल्यासारखं करत झोपायची. आईच्या सडांतून दूध उतरावं म्हणून पिल्लं तसं दाबतात. तुकडा सुताचा होता, दूध कुठलं उतरणार.

आषाढी एकादशीला, १७ तारखेला, भुरा पहिल्यांदा पोट न घासता चार पावलं चालला. शेपटी सरळ वर, मागचा भाग डुलत, मग धप्पकन बसला. त्यानंतर रोज काहीतरी नवं. समोरचे दात तांदळाच्या कण्यांसारखे वर आले. कान उभे राहिले. नखं मात्र अजून आत घेता येत नव्हती, ती महिन्याच्या आसपास जमतात. त्यामुळे गोधडीत नख अडकलं की पिल्लू तिथेच पाय वर करून ओरडत उभं. मी मशीनवरून उठायचे, नख सोडवायचे, परत बसायचे. त्या आठवड्यात दोन ब्लाउज उशिरा गेले. गिऱ्हाइकांनी समजून घेतलं, एकीने तर पिल्लं बघून फॉल-पिकोसाठी आणखी दोन साड्या दिल्या.

जंताचं पहिलं औषध २० जुलैला, तीन आठवड्यांवर. मग दर पंधरा दिवसांनी. मात्रा वजनावर असते, म्हणून वही घेऊन जा.

२६ जुलै माझ्या चांगली लक्षात आहे. काजळ गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली सांडलेल्या मातीत पंजाने उकरत होती. मला संशय आला, मी धुण्याच्या जुन्या पसरट टबात चाळलेली वाळू घालून तिला आत ठेवलं. तिने वास घेतला. एका कोपऱ्यात गेली, नको म्हणून दुसऱ्या. पंजाने उकरलं, एकदा उजव्याने, एकदा डाव्याने. खड्डा झाला नाही, वाळू परत आत घसरली, तिने परत उकरलं. मग शेपटी ताठ करून बसली, नजर कुठेतरी लांब. झाल्यावर वळली, वास घेतला, आणि वाळू ओढायला लागली. पंजा झाकायच्या जागेवर कमी आणि टबाच्या कडेवर जास्त पडत होता, पण थांबली ती वास गेल्यावरच. या मांजरीने आपल्या आईला कधीच डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. झाकण्याची ही खूण तिला कुणी दाखवलेली नव्हती. मी कापूस फिरवायचं काम त्या दिवशी थांबवलं. दुसऱ्या दिवशी बाकीची दोघं तिच्या वासावर टबात गेली. दुकानात मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी वाळू या वयात वापरू नका. पिल्लं ती खातात आणि पोटात घट्ट बसते.

चौथ्या आठवड्यापासून पातळ खाणं. आपल्याकडे मांजर म्हणजे दूधभात नाहीतर दूधपोळी, मनीलाही मी वर्षानुवर्षं तेच घातलं. डॉक्टरांनी समजावलं की मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला मांसातूनच मिळतं, ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय बिघडतं. आमचं घर माळकरी. सासूबाईंपुढे हा विषय काढायला मला तीन दिवस लागले. त्या एवढंच म्हणाल्या, "वाघाची मावशी ती. तिला काय वरणभात घालणार? पण माझ्या गॅसवर नको." मागच्या गॅलरीत वेगळी शेगडी आणि वेगळं पातेलं आलं. पिल्लांसाठीचं तयार खाणं आणि अधूनमधून उकडलेली कोंबडी, मीठ-हळद-कांदा काही न घालता. कांदा-लसूण मांजरांना विषारी आहे.

आता मी केलेली चूक. ४ ऑगस्टला, भुऱ्या पाच आठवड्यांचा असताना, मी त्याला एका ओळखीच्या कुटुंबाकडे दिला. ते मागत होते, सोसायटीचा ताण होता, तो खात-पीत होता, टबात जात होता. मला वाटलं सगळं आलं त्याला. डॉक्टर म्हणाले होते निदान आठ आठवडे वेगळं करू नका. मी ऐकलं नाही.

घरी राहिलेल्या दोघी त्याच आठवड्यात खेळायला लागल्या. तिरंगी, म्हणजे चिंगी, सोफ्याच्या पायाआड दबा धरायची. पाठीची कमान, शेपटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुगलेली, आणि आडव्या उड्या मारत काजळवर चाल. मग गुरफटून मागच्या पायांनी लाथा. खेळ बघायला गोड आहे, पण त्यात एक शिस्त असते. एकीने जोरात चावलं की दुसरी किंचाळते आणि उठून निघून जाते. चावणारी तिथेच बसून राहते, खेळ संपलेला असतो. दिवसातून वीस वेळा हे चालायचं. हळूहळू दात टेकायचे, पण रुतायचे नाहीत. माझ्या हाताशीही तसंच. मी शिवणाची टेप त्यांच्यापुढे ओढायचे, हात मात्र कधी खेळणं केला नाही.

सातव्या आठवड्यानंतर त्यांना हलणाऱ्या वस्तूंचं वेड लागलं आणि माझ्या धंद्याचा धोका समोर आला. रीळ. एका दुपारी काजळच्या तोंडातून दोऱ्याचं टोक लोंबत होतं. मी ओढणार तेवढ्यात आठवलं की ओढायचं नसतं. दोरा जिभेखाली किंवा आतड्यात अडकलेला असेल तर ओढल्याने आतडं कापलं जातं. तशीच पिशवीत घालून रिक्षाने गोडोलीला. तिचा दोरा नुसता गालात होता, डॉक्टरांनी तोंड उघडून काढला. तेव्हापासून सुया, रिळं, लेस सगळं झाकणाच्या डब्यात.

२४ ऑगस्टला दोघींची पहिली लस. आधी मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले होते. केसपेपर काढला, तासभर बसले. तिथल्या बाईंनी नीट तपासलं, पण मांजरांची ती लस त्यांच्याकडे येत नसल्याचं सांगितलं. फोन करून विचारून जा, खेप वाचेल. खाजगीत ८०० रुपये डोस, दुसरा चार आठवड्यांनी, म्हणजे २१ सप्टेंबरला. रेबीजची लस तीन महिन्यांवर, ३०० रुपये. लसीचं पुस्तक जपून ठेवा.

आणि २५ ऑगस्टला भुऱ्या परत आला. त्या काकू रडवेल्या झाल्या होत्या. त्यांच्या नातवाच्या हातावर कोपरापर्यंत ओरखडे. "रागाने नाही हो चावत, खेळतोच, पण जीव खाऊन चावतो." त्यांनी त्याला वाईट वागवलं नव्हतं. तो गुटगुटीत झाला होता, डोळ्यांचा निळा रंग जाऊन पिवळसर झाला होता. त्या घरात त्याच्यावर किंचाळून निघून जाणारं कुणी नव्हतं. मुलं हात पुढे करत होती आणि तो चावत होता, एवढंच.

बहिणींनी त्याला ओळखलं नाही. अंगाला दुसऱ्या घराचा वास. दोघी फिस्कारत कपाटावर. दोन दिवस वेगळ्या खोलीत ठेवला, लुगड्याचे तुकडे आलटून पालटून दिले, मग दार किलकिलं केलं. पहिल्याच झटापटीत त्याने चिंगीचा कान धरला. ती अशी ओरडली की सासूबाई देवघरातून उठून आल्या. चिंगी निघून गेली. तो गोंधळून उभा. परत गेला, परत तेच. ३१ ऑगस्टला त्याची लस झाली, ७ सप्टेंबरला गणपती बसले, आणि साधारण गौरी जेवल्या त्या सुमाराला मला जाणवलं की मला नवा ओरखडा बरेच दिवस पडलेला नाही. दोन आठवड्यांत त्या दोघींनी जे केलं ते मला दोन महिन्यांत जमलं नसतं. ज्यांनी एकटंच पिल्लू सांभाळायला घेतलंय त्यांना मी सांगेन, त्याच वयाचं दुसरं बघा, नाहीतर चावलं की खेळ तिथल्या तिथे थांबवा, दर वेळी, घरातल्या प्रत्येकाने.

शिकारीचं मात्र अर्धंच राहिलं. भाटी आधी मेलेला, मग अर्धमेला उंदीर आणून पिल्लांपुढे टाकते, तसं ती शिकतात. आमची झुरळं मारतात, पालीच्या शेपटीवर झडप घालतात. पण दिवाळीत गॅलरीत एक उंदीर आला तेव्हा तिघं त्याच्याभोवती बसून नुसती बघत राहिली. दबा, झडप, पंजा सगळं होतं. मानेला चावा कुठे घ्यायचा ते सांगायला मनी नव्हती.

नसबंदी ५ डिसेंबरला, पाच महिने पूर्ण झाल्यावर. संमतीपत्रावर सही, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेपासून उपाशी, काजळ आणि चिंगीचे प्रत्येकी ३५०० रुपये, भुऱ्याचे २०००. काटा, बाटल्या, दोन डबे पावडर, तपासण्या, लसी धरून एकूण १८,५०० च्या घरात गेले, खाणं वेगळं. मुद्दाम सांगते, कारण आधी माहीत असलं तर बिल्डिंगमध्ये वर्गणी काढता येते. आमच्याकडे चार घरांनी निम्मे दिले, त्यात माहुली सुचवणारेही होते.

काजळला कुणी मागितलं नाही. काळं मांजर नको म्हणतात लोक. ती आमच्याकडेच राहिली. चिंगी आणि भुऱ्या १५ डिसेंबरला वाईच्या एका शिक्षक दांपत्याकडे गेले, जोडीने. त्यांच्याकडून ओळखपत्राची झेरॉक्स आणि एक साधं लिहून घेतलं की जमलं नाही तर रस्त्यावर न सोडता मला परत द्यायचे. लसीची पुस्तकं दिली, आणि लुगड्याचा एक तुकडा न धुता दिला.

पहिल्या रात्री फोन आला, दोघं दिवाणाखालून बाहेर येत नाहीत. दुसऱ्या रात्री, ताटलीतलं संपलंय पण दिसत नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी व्हिडिओ पाठवला. आवाज बंद करून मी तो मशीनवर बसूनच पाहिला. लुगड्याचा तुकडा दिवाणाच्या बाहेर ओढून आणलेला होता, आणि भुऱ्या त्यावर उभा राहून, डोळे अर्धे मिटून, पुढचे पाय एकामागून एक दाबत होता.